शेवटची फेरी

मिनिटराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. बस डेपोत चौतीस वर्षं वेळापत्रकं आखणाऱ्या माणसाला सहकाऱ्यांनी ते चिकटवलं आणि पुढे घरच्यांनीही उचललं. पहिली गाडी चुकली तरी चालेल, पण शेवटच्या फेरीची वेळ थांब्यावर ठळक अक्षरांत हवी, यावरून ते साहेबांशी भांडत. नाहीतर माणूस उगाच ताटकळत उभा राहतो, असं त्यांचं म्हणणं.

निवृत्तीनंतर आखायला बस उरल्या नाहीत, तेव्हा त्यांनी स्वतःलाच आखायला घेतलं. मंगळवारी पोहणं, बुधवारी बुद्धिबळ, पावणेचारला नात चिंगीला शाळेतून आणणं, अगदी कुंड्यांना पाणी घालणंसुद्धा ऑनलाइन कॅलेंडरात.

आता ती कॅलेंडरवाली कंपनीच गाशा गुंडाळत होती. महिनाअखेर सगळं पुसलं जाणार, म्हणून रविवारी सकाळी त्यांची मुलगी लॅपटॉप घेऊन त्यांच्या स्वयंपाकघरात बसली. ती एका ग्रंथालयाचे संगणक सांभाळायची. तिला बटणं दाबत बसायचा भारी कंटाळा. काळ्या पडद्यावर एका ओळीची कमांड लिहिली, की सगळ्या नोंदींचा बॅकअप एका फाइलमध्ये उतरायचा.

"एका ओळीत?" गॅलरीत कपडे वाळत घालता घालता मिनिटराव म्हणाले. "आमच्याकडे याला बारा कारकून लागायचे."

"आणि चहा किती लागायचा, तेही सांगा की बाबा."

तीनशे बारा नोंदी उतरल्या. नीट उतरल्यात ना, म्हणून तिने फाइल उघडली. फोन आज-उद्याचं तेवढं दाखवतो. फाइलमध्ये प्रत्येक नोंदीचं सगळं चरित्र असतं. कधी सुरू, कितीदा, कुठवर.

पोहणं, तीस नोव्हेंबरपर्यंत. बुद्धिबळ, तीस नोव्हेंबरपर्यंत. चिंगीला आणणं, तेही तीस नोव्हेंबरपर्यंत. शाळा तर त्यानंतरही कित्येक महिने चालणार होती.

टूलचंच डोकं फिरलंय, असं म्हणत तिने कमांड पुन्हा चालवली. पुन्हा तेच. कुंड्यांचं पाणीसुद्धा तीस नोव्हेंबरला थांबत होतं. मग तिने या नोंदी कधी बदलल्या ते पाहिलं. सगळ्या एकाच दुपारी, दहा दिवसांपूर्वीच्या गुरुवारी. त्याच दिवशी सकाळची एक नोंद होती: 'डॉक्टर. रिपोर्ट. एकट्याने जाणे.'

तिने मान वर केली. बाहेर बाबा नेहमीसारखे शर्ट झटकत होते.

"बाबा, तीस नोव्हेंबरला काय आहे?"

झटकणं थांबलं. ते आत आले, चष्मा लावून स्क्रीनवर वाकले.

"हे दिसतं होय? फोनवर तर दिसत नाही."

"फोनवर दिसत नाही म्हणून लिहिलंत?"

ते खुर्चीत बसले. कपड्यांचा चिमटा हातातच होता. "चार महिने म्हणाले डॉक्टर. थोडं मागे-पुढे होईल म्हणाले. मागे-पुढे कसं लिहिणार? मी तारीख टाकली."

तिला रडू फुटायच्या आधी संतापच आला. हा माणूस रोज तिच्या पोरीचं दप्तर खांद्यावर घेऊन हसत यायचा, आणि दहा दिवस याने ब्र काढला नव्हता!

"शेवटची फेरी ठळक लिहा म्हणून जन्मभर भांडलात ना? आणि मला ठेवलीत तशीच उभी?"

मिनिटराव चिमटा उघडत-मिटत राहिले. मग हळूच म्हणाले, "सांगणारच होतो गं. तेही लिहिलंय त्यात. खाली बघ."

तिने डोळे पुसून खाली पाहिलं. नोंद होती: 'मुलीला सांगणे. सकाळी दहा.' तारीख आजची. त्याखाली, नोंद किती वेळा बदलली त्याचा आकडा होता, नऊ. रोज सकाळी दहा वाजले, की ते ती एक दिवस पुढे ढकलत आले होते. चौतीस वर्षांत ज्यांची एक गाडी मिनिटभर उशिरा सुटली नव्हती, त्यांना हे जमलं नव्हतं.

भिंतीवरच्या घड्याळात दहाला दोन मिनिटं कमी होती. तिने लॅपटॉप बंद केला, खुर्ची त्यांच्याजवळ ओढली आणि त्यांच्या हातातला चिमटा काढून घेतला.

"आता पुढे ढकलायचं नाही," ती म्हणाली. "सांगा."