उजवीकडच्या खुर्च्या

माझ्या तोंडून आजवर कितीतरी माणसं बोलली, पण मित्रांनो, माझं स्वतःचं बोलणं हे पहिलंच. मी ग्वाक ड्रायव्हरच्या बसमधला जुना माइक आहे. जाळी एका बाजूनं चेपलेली, पोटाला काळी चिकटपट्टी, आणि मागे वेटोळ्यांची वायर. ती ताणली तर तिसऱ्या रांगेपर्यंत जाते आणि सोडली की मला मागे खेचून आणते. त्या वायरीमुळे मी बसच्या बाहेर कधी पाऊल ठेवलं नाही. माझं जन्मभराचं मोठं कुतूहल मात्र बसच्या बाहेरच होतं.

सोल शहराजवळच्या इंचॉनमधल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथे एक मुलगी प्रत्येक माइकमध्ये तोंड घालून विचारायची, "ऐकू येतंय का?" तेच मी ऐकलेले पहिले शब्द. मला वाटलं, जगात माणसं एकमेकांना एवढंच विचारत असतील. पुढे कळलं, माझा अंदाज फार चुकीचा नव्हता.

मग मी ग्वाकच्या बसमध्ये आलो आणि जिंदो बेटावरच्या एका कांद्याच्या गावाशी माझी गाठ पडली. हिवाळाभर पातीचा कांदा उपसणारी ती माणसं मोकळी झाली की सहलीला निघत. काय ते दिवस होते! लाल पानांचे डोंगर बघायला जाताना माणसं शांत असत आणि येताना मला कुणी खाली ठेवत नसे. एकाचं गाणं संपायच्या आत दुसऱ्याचा हात माझ्यावर पडे. पण खरं सांगू? माझा जीव रमायचा तो बुद्धजयंतीच्या सहलीत. देवळातले एक म्हातारे भिक्खू सोबत असत. ते मला एका हातात धरत, दुसऱ्या हातानं मांडीवरची छोटी घंटा वाजवत आणि गाऊन प्रवचन करत. दोन वाक्यं साधी बोलायची, तिसरं गायचं आणि चौथं बसनं म्हणायचं. आईनं लेकराला पोटात वागवलेल्या महिन्यांच्या वर्णनापर्यंत ते आले की अख्खी बस डोळे पुसायची. माझी जाळी ओली व्हायची ती थुंकीनं, असं ग्वाक म्हणे. म्हणू दे.

त्या सहलीत ड्रायव्हरच्या मागची पहिली जागा मालसुन काकूंची. त्या कधी गायल्या नाहीत. कुणी मला पुढे केलं तर म्हणत, "मला नको बाबा. माझा आवाज कोंबड्यांना हाकायचा." पण भिक्खूंचं गाणं चाललं की त्यांचे ओठ हलताना मी पाहिलेत.

आणि लग्नं! गावची पोरं सोल शहरात नोकरीला, लग्नंही तिकडेच. पहाटे बस निघायची. प्रत्येक जागेवर एक पिशवी, तिच्यात तांदळाच्या उकडीच्या वड्या, संत्रं आणि पाण्याची बाटली. शहर जवळ आलं की गावचे मुन कारभारी मला उचलत, घसा खाकरत आणि सूचना देत. मला त्या पाठ झाल्या होत्या. कार्यालयात एकाच वेळी चार लग्नं असतात, दारावरचं नाव वाचा. आहेराचं पाकीट आपल्याच टेबलावर द्या. जेवणाचं कूपन घ्या आणि हरवू नका. पाकिटाशिवाय आहेर चालेल, कूपनाशिवाय जेवण नाही. जेवणघर तळघरात. बस मागच्या गल्लीत. उशीर झाला तर ग्वाक थांबणार नाही, त्याला पुढचं भाडं आहे. एकदा पांग आजोबा भलत्याच लग्नात जेवून आले होते आणि परतीच्या वाटेवर नवरीचं तोंडभर कौतुक करत होते. तेव्हापासून कारभारी दारावरच्या नावाची सूचना दोनदा द्यायचे आणि पांग आजोबांकडे बघून तिसऱ्यांदा.

परतताना मी कान टवकारून बसायचो. आता कळेल लग्न म्हणजे काय! पण माणसं बोलायची ती जेवणाविषयी. बरगड्यांचं मटण बरं होतं, शिंपल्यांची पेज पातळ होती, गेल्या वेळी कालवं कशी होती. कुणी नवरीबद्दल विचारलं तर म्हणायचे, "असेल की, वर होती." त्यामुळे बरीच वर्षं माझी अशी समजूत होती की लग्न म्हणजे तळघरातलं एक जेवण, ज्याच्या वरच्या मजल्यावर काहीतरी चालू असतं.

मग दिवस पालटले. चालत्या बसमध्ये नाचायचं नाही असा कायद्याचा धाक आला आणि गाण्याचाही उत्साह मावळला. सूचना फोनवर येऊ लागल्या, नकाशासकट. भिक्खू देवाघरी गेले. ग्वाकनं मला पुढच्या कप्प्यात टाकलं, तिथे च्युइंगमच्या गोळ्या, तुटका चष्मा आणि मी. आवाज नसलेल्या माइकला काय म्हणतात, मित्रांनो? मुसळासारखा एक दांडा.

अशात दानबीचं लग्न ठरलं.

दानबी गावातल्या ओगिमची एकुलती एक लेक. दानबीचा बाप समुद्रात बुडून गेला तेव्हा ती शाळेतही जात नव्हती. ओगिम बेटावरची नव्हे. उत्तरेच्या कोळशाच्या डोंगरांतून लग्न होऊन आलेली, माहेरचं कुणी उरलं नाही. नवऱ्या मुलाकडचे लोक शहरातले, बापाच्या कचेरीची माणसं, मामा, मावश्या, नुसता गोतावळा. ओगिम केस-पोशाखासाठी आदल्या दिवशीच सोलला गेली होती. जाताना मालसुन काकूंना एवढंच म्हणाली होती, "काकू, सगळ्यांना म्हणावं जेवण नंतर करा. आधी जरा बसा."

पहाटे बसमध्ये चढताच काकूंनी हे ग्वाकला सांगितलं, मग कारभाऱ्यांना सांगितलं. "सांगतो की," कारभारी म्हणाले, "माझ्यावर सोडा."

पण रस्त्याला काय झालं होतं देव जाणे. शनिवारची गर्दी शहराच्या कितीतरी आधीपासून सुरू झाली. उकडीच्या वड्या संपल्या, संत्री संपली, पिशव्याही चाचपून झाल्या. मागून पांग आजोबा ओरडले, "ग्वाक, ढकलायला उतरू का?"

"उतरा," ग्वाक म्हणाला, "तेवढाच भार हलका."

कारभाऱ्यांनी मला कप्प्यातून काढलं, फुंकर मारली. फोनवरच्या सूचना अर्ध्या बसला चष्म्याशिवाय दिसत नव्हत्या, म्हणून माझी आठवण. "ऐका. उशीर झालाय. आपल्यामागून दुसऱ्या लग्नाची गर्दी जेवायला उतरणार. तेव्हा पाकीट द्या, कूपन घ्या आणि सरळ तळघर गाठा. जेवून ज्याला वर जायचं त्यानं जावं."

बसनं मनापासून मान डोलावली. काकू ताडकन वळल्या. "कारभारी, काय ठरलं होतं?"

"काकू, उपाशी माणसांना बसा म्हणून सांगायला मी काय मठातला आहे? लग्न वीस मिनिटांचं. हे डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडले तर कोण उचलणार?"

"मला द्या तो दांडा."

आयुष्यात पहिल्यांदा मालसुन काकूंनी मला हातात घेतलं. कांद्यानं चिरा पडलेली बोटं. त्या उभ्या राहिल्या.

"पट्टा लावून, काकू," ग्वाक आरशातून म्हणाला. "उभ्यानं नाही. दंड मला होतो."

काकू बसल्या, पट्टा लावला. "मी सांगते ते ऐका," त्या म्हणाल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "कोंबड्या हाकताय का?" बस हसली. काकूही हसल्या, आणि त्या हसण्यातच त्यांचा श्वास सुटला. भिक्खू धरत तसं त्यांनी मला हनुवटीशी धरलं, मांडीवर थाप मारली आणि गायला सुरुवात केली.

तिसरा मजला, लिफ्टनं चला,
उजव्या हाताच्या खुर्च्या धरा,
मटण काही जात नाही पळून,
आधी बसा, मग जेवण करा.

काकूंनी दुसऱ्यांदा थाप मारली तेव्हा चौथी ओळ दोन-तीन आवाजांनी उचलली. तिसऱ्यांदा अर्ध्या बसनं. मग त्या साध्या बोलीवर आल्या.

"ओगिम नवरी होऊन आली त्या दिवसाचं सांगते. अंगणात लग्न होतं. डावीकडे नवऱ्याकडची माणसं, उजवीकडे नवरीकडची चटई. डोंगरात बर्फ पडून रस्ता बंद झालेला, तिचं एकही माणूस पोचलं नाही. लग्न लावणाऱ्या बुवांनी सांगितलं, आता आपल्या माणसांना नमस्कार कर. ती वळली. समोर कोण? नुसती चटई. तिनं चटईला नमस्कार केला. खाली वाकली, डोकं टेकलं, तशीच उठली. रडली नाही हो. आज तिची लेक वळणार आहे नमस्काराला." काकू थांबल्या. मग हळूच गायल्या, "आधी बसा..."

चौथ्या ओळीचं उरलेलं अर्धं अख्ख्या बसनं म्हटलं. पट्टे लावून, बसल्या जागी. माझ्या जाळीला इतकं बरं खूप वर्षांत वाटलं नव्हतं.

पांग आजोबा घसा साफ करून म्हणाले, "ग्वाक, जरा दामट. बसायला उशीर होतोय."

बस कार्यालयापुढे थांबली आणि माणसं उतरली. म्हातारी-कोतारी एकमेकांचे हात धरून, ओठांत तीच ओळ घोळवत आत शिरली. इतर वेळी ग्वाक टोपी तोंडावर ओढून झोपतो. त्या दिवशी त्यानं आरशात पाहून भांग पाडला आणि तोही गेला. मी खुंटीला लटकत राहिलो. वर काय चाललं असेल? चटईच्या जागी खुर्च्या असतील, पण वळणारी मान कशी वळत असेल? कुणाला विचारू?

बऱ्याच वेळानं सगळी परतली ती कुरकुरत. वर फोटो लांबले होते. नवरीकडच्या माणसांचा फोटो म्हटल्यावर अख्खं गाव व्यासपीठावर चढलेलं, मागची रांग आणि पुढची रांग ठरता ठरेना. तळघरात उतरेपर्यंत पुढच्या लग्नाची गर्दी शिरलेली. कुणाला नूडल्सचं पाणी मिळालं, कुणाला भोपळ्याची फोड, कुणाला काहीच नाही. पांग आजोबा सकाळच्या पिशव्या पुन्हा चाचपत होते.

कारभाऱ्यांनी मला उचललं, पण सूचना दिल्या नाहीत. "एवढ्या लग्नांना गेलो मी," ते म्हणाले, "सगळी तळघरं तोंडपाठ. आज वर बसलो. पोरगी आपल्याकडे वळली, तर मला वाटलं मलाच बघते. मीही उठून वाकलो. बघतो तर सगळेच उठलेले. ती वाकलेली आणि आपण वाकलेले, कुणी आधी वर यायचं ते कळेना. तो कार्यालयाचा माणूस नुसता घड्याळ बघतोय." त्यांनी नाक पुसलं. "असं असतं होय ते."

मित्रांनो, मला हवं ते मला मिळालं.

इतक्यात ओगिम बसमध्ये चढली. गुलाबी रेशमी पोशाख दोन्ही हातांनी सावरलेला, केस फवारा मारून दगडासारखे बसवलेले. निघताना पाहुण्यांचे आभार मानायची रीत असते. कारभाऱ्यांनी मला तिच्या हाती दिलं. तिनं तोंड उघडलं, पण नुसता श्वास आला. तो मी शेवटच्या रांगेपर्यंत पोचवला. मग ती म्हणाली, "जेवलात ना सगळे?"

मालसुन काकूंनी मागे वळून पाहिलं.

"जेवलो," बस म्हणाली. एका सुरात.

"पोटभर," पांग आजोबा म्हणाले. "ते बरगड्यांचं मटण तर काय सांगू, ओगिम. हाड नुसतं निसटत होतं."

ओगिम हसली, तिनं मला काळजीनं खुंटीला लावलं आणि उतरली. पुढच्या थांब्यावर ग्वाकनं न सांगता गाडी उभी केली आणि सगळ्यांनी उभ्या-उभ्या कढत नूडल्स खाल्ल्या.

तर मित्रांनो, कुणाच्या कार्याला गेलात आणि एखादी बाजू ओस दिसली, तर देवाचं नाव घेऊन तिथे जाऊन बसा. जेवण थांबतं. आणि माझ्यासारखा जुना माइक हाती आला, तर त्याच्या डोक्यावर टपल्या मारू नका. कोरड्या फडक्यानं पुसा आणि तोंडाजवळ धरा. श्वासाएवढं बोलणंही शेवटच्या रांगेपर्यंत न्यायचं असतं त्याला.