दोन चापट्या

विमानाच्या पंख्याने आईचा उजवा हात मोडला, हे आमच्या ओळखीतल्या सगळ्यांना माहीत आहे. चूक तिचीच होती, हेही सगळ्यांना माहीत आहे. तसं तिनेच सांगून ठेवलं होतं.

आई गाड्यांची सीट-कव्हरं शिवायची. घराच्या खालच्या मजल्यावर तिचं दुकान होतं. भिंतीला रेग्झिनच्या गुंडाळ्या, कोपऱ्यात फोमचा ढीग, पायाखाली कायम चार खिळे, आणि मधोमध जाड कापडाचं काळं मशीन. त्याच्या आवाजात माझी सगळी शाळा झाली. बाबा बस चालवायचे. डेपोतून आले की दुकानात डोकावून विचारायचे, "काय शिंपीणबाई, आज कुणाच्या बुडाची सोय केली?" आई मान वर न करता म्हणायची, "तुमची सोडून सगळ्यांची." बाबांच्या बसमधली ड्रायव्हरची सीट कायम फाटकी असे.

फ्लाइंग क्लबच्या शिकाऊ विमानांच्या सीट एकदा तिच्याकडे दुरुस्तीला आल्या. त्या परत बसवायला ती मैदानावर गेली आणि कुणीतरी गंमत म्हणून तिला वर एक चक्कर मारून आणलं. पुढच्या कामाला तिने मजुरी घेतली नाही. बदल्यात मला शिकवा म्हणाली. चाळिशी उलटलेल्या, हाताला गोंद लागलेल्या बाईला पाहून क्लबातले आधी हसले. नंतर हसेनासे झाले. कापडाला कात्री लावताना ती जशी अर्ध्यात कधी थांबली नाही, तशीच विमान उतरवताना कचरली नाही. परवाना मिळाला. मग भाड्याने मिळणाऱ्या अर्ध्या-अर्ध्या तासांत तिचा जीव रमेना. तिला स्वतःचं विमान हवं होतं. "मनात आलं की जाता आलं पाहिजे," म्हणायची. "कुणाला विचारायला नको."

विमान होतं क्लबच्या मेकॅनिकचं. जन्मात कधी विमान न उडवलेल्या या माणसाला सगळे कॅप्टन म्हणत. दोनच माणसांचं, कापडी पंखांचं आणि आईपेक्षा वयाने मोठं असं ते यंत्र त्याने वर्षानुवर्षं जपलं होतं. त्याला स्टार्टर नव्हता. पुढचा लाकडी पंखा हाताने ओढून इंजिन चालू करावं लागे. विकण्याआधी कॅप्टनची एकच अट होती.

"ताई, ज्याला हे घरी न्यायचंय त्याने आपल्या हाताने चालू करून दाखवायचं. आत बसायलाही आपलाच माणूस आणायचा. उद्या कुठल्या माळावर बंद पडलं तर मी येणार नाही तिथे."

आपला माणूस म्हणजे बाबा. रीत अवघड नव्हती. आतल्याने ब्रेकवर पाय दाबून, हात मांडीवर ठेवून बसायचं. किल्ली बंद असताना बाहेरच्याने पंखा सावकाश काही वेळा ओढायचा, म्हणजे इंजिनात पेट्रोल येतं. मग बाहेरच्याने "चालू" म्हणायचं, आतल्याने तेच परत म्हणून किल्ली फिरवायची आणि बाहेरच्याने शेवटचा झटका देऊन मागे सरायचं. आईने बाबांना स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवलं आणि स्वतः झाडू आडवा धरून पुढे उभी राहिली.

"अगं, सगळं आयुष्य किल्ली फिरवण्यात गेलं माझं," बाबा म्हणाले.

"म्हणूनच शिकवतेय. हात मांडीवर."

त्या सकाळी मी तिथे नव्हते. पुढचं मला आईने सांगितलं, पहिल्या ऑपरेशननंतर, हॉस्पिटलात, खोलीत दुसरं कुणी नसताना.

विमान शेडबाहेर काढलं होतं. चाकं हलू नयेत म्हणून त्यांना लाकडाच्या उटी लावल्या होत्या. कॅप्टन पेट्रोलचा डबा ठेवायला आत गेला. बाबा ब्रेकवर पाय देऊन बसले होते. आई पुढे आली आणि पंखा धरण्याआधी तिने इंजिनाच्या पत्र्यावर तळहाताने दोन चापट्या मारल्या. सीट ताणून बसवली की ती नेहमी तेच करायची. दोन चापट्या, म्हणजे काम झालं, आता न्या. त्या सकाळी तिच्या मनात ते विमान आपलं झालेलं होतं.

डेपोत मात्र मेकॅनिक इंजिनात डोकं घालून असतो, आवाज पोचत नाही. पत्र्यावर दोनदा हात आपटला की ड्रायव्हरने समजायचं, मार सेल्फ, म्हणजे किल्ली फिरवून गाडी चालू कर. बाबांचा हात मांडीवरून उचलला गेला आणि किल्ली फिरली. काही झालं नाही, कारण त्या विमानाला सेल्फ नव्हताच. आणि किल्ली बंद आहे या भरवशावर आई पंख्यावर वाकली, कोपर आत घालून, विहिरीचा दोर ओढावा तशी संथ, आणि तिने तो खाली ओढला.

इंजिन धडाडून चालू झालं. बाबांनी घाबरून लगेच किल्ली बंद केली. कॅप्टन धावत बाहेर आला तेव्हा पंखा थांबला होता, किल्ली बंद होती आणि आई गवतावर बसून आपल्या दंडाकडे बघत होती. "मी चालू म्हटलं आणि हात काढायला उशीर केला," तिने सांगितलं. शुद्ध हरपण्याआधी ती एवढंच बोलली.

"चापट्या मी मारल्या, किल्ली त्यांनी फिरवली," हॉस्पिटलात ती मला म्हणाली. "दोन्ही खरं आहे. मी माझंच सांगणार."

"त्यांना वाचवतेस?"

"वाचवत कसली. त्यांचं सांगितलं तर ते माफी मागतील. मग मला माफ करावं लागेल." ती खिडकीकडे बघत होती. "मला करायचं नाहीये."

हे ती रागाने बोलली नव्हती. मला वाटतं, राग असता तर तो कधीतरी ओसरला असता.

हाडात धातूची पट्टी बसवली, काढली, पुन्हा बसवली. जखम वरून भरायची आणि आतून फुटायची. कॅप्टनने वर्षभर विमान दुसऱ्या कुणा गिऱ्हाइकाला दाखवलं नाही. अखेर परवान्याच्या तपासणीसाठी मी आईला डॉक्टरकडे घेऊन गेले. त्याने तिच्या मुठीत आपली दोन बोटं दिली.

"दाबा."

"दाबतेय."

"जोरात दाबा."

"दाबतेय म्हटलं ना!"

त्याने हळूच बोटं काढून घेतली. ती निघाली का धरलेलीच होती, हे तिला कळलं नाही. मूठ तशीच पुढे राहिली.

त्या आठवड्यात बाबांनी जेवताना विषय काढला. बहुधा बरेच दिवस ते शब्द जुळवत होते. "मी म्हणत होतो, मी शिकतो. आपण ते घेऊन टाकू. मी चालवीन, तू शेजारी बस. तू सांगशील तिकडे नेईन."

आई डाव्या हाताने जेवत होती. तिने चमचा खाली ठेवला. "तुम्ही चालवणार आणि मी काय करू? तिकिटं फाडू?"

"अगं, तसं नाही..."

"तुम्ही बस चालवा. ती येते तुम्हाला."

पुन्हा विषय निघाला नाही. विमान एका दंतवैद्याने घेतलं. त्याला सीट नव्या करून हव्या होत्या, आणि कॅप्टनने त्याला, दुसरं कुणी सुचलं नाही म्हणून की मुद्दाम, आमच्याकडेच पाठवलं. आईने डाव्या हाताने खुणा केल्या, मी कापलं, मीच शिवलं. एक टाका वाकडा गेला तर तिने उसवायला लावला. सीट न्यायला दंतवैद्य आला तेव्हा ती वर निघून गेली होती.

पुढच्या वर्षांत घरात भांडण असं झालं नाही. बाबा तिच्या वेण्या घालायला शिकले. तिच्या औषधांच्या वेळा त्यांना माझ्यापेक्षा चांगल्या पाठ होत्या. ती "आणा", "ठेवा", "झालं" एवढंच बोले. थट्टा बंद झाली होती. पाहुण्यांसमोर कुणी हाताचं विचारलं की ती बाबांकडे न बघता म्हणायची, "माझीच चूक," आणि बाबा उठून पाणी आणायला जायचे. या वर्षी हाडातलं दुखणं रक्तात उतरलं. तापाने फणफणली आणि दोन दिवसांत गेली.

काल घर माणसांनी भरलं होतं. आत्या बाबांच्या शेजारी बसली होती. कॅप्टन दाराशी उभा होता, टोपी हातात घेऊन.

"बाई कष्टाळू होती हो," आत्या म्हणाली. "पण ती नसती हौस! बाईमाणसाने विमान घेऊन करायचं काय? स्वतःच्या हाताने स्वतःचा..."

"किल्ली मी फिरवली," बाबा म्हणाले.

"काय?"

"तिने चालू म्हटलंच नव्हतं. मी फिरवली किल्ली."

आत्याने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "दादा, असं मनाला लावून घेऊ नकोस. ती स्वतः सांगायची की रे, शंभरदा ऐकलंय आम्ही."

"ताईंनी मलाही त्याच जागी सांगितलं होतं," कॅप्टन म्हणाला. "किल्ली बंद होती, मी डोळ्यांनी पाहिली. दुःखात माणसाला काहीही वाटतं, साहेब."

"अरे, मी सांगतोय ना!" बाबांचा आवाज चढला. कुणीतरी त्यांच्यासाठी चहा मागवला. शेजारच्या काकू म्हणाल्या, जरा पडू द्या त्यांना. तेव्हा बाबांनी खोलीभर नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. मला माहीत आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. दुसरं कुणी उरलं नव्हतं, एवढंच.

"खरं आहे," मी म्हटलं. "बाबांनीच फिरवली. आईने मला सांगितलं होतं."

आत्याने त्यांच्या पाठीवरचा हात काढून घेतला. कॅप्टनने टोपी घातली, पुन्हा काढली. माणसं हळूहळू उठली.

सगळे गेल्यावर बाबा स्वयंपाकघरात येऊन बसले. "कधी सांगितलं तिने?"

"हॉस्पिटलात. पहिल्या ऑपरेशननंतर."

"म्हणजे सुरुवातीलाच." त्यांनी टेबलावरचं पाणी हाताने निपटलं. "रागावली होती?"

मी त्यांना तिचं वाक्य सांगितलं, तिने म्हटलं होतं तसंच, माफीचं. मऊ करून सांगता आलं असतं. पण तिने आयुष्यात काही मऊ करून सांगितलं नव्हतं, आणि तिच्या तोंडी दुसरे शब्द घालायला मला जमेना. बाबांनी मान हलवली, मागून एखाद्या प्रवाशाने आपला थांबा सांगावा आणि ड्रायव्हरने हलवावी तशी.

"मागणार होतो मी माफी."

"मग मागितली का नाहीत?"

"ती सगळ्यांना सांगत सुटली ना, माझीच चूक, माझीच चूक." त्यांनी ओला हात सदऱ्याला पुसला. "मला बरं वाटलं गं. पहिले काही दिवस खरंच बरं वाटलं. मग म्हटलं, आता कुठल्या तोंडाने..."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना काय हवं होतं ते मला कळत होतं. ते माझ्यापाशी नव्हतं.

"बाबा, दोन घास खाऊन घ्या," मी म्हटलं.

"हो," ते म्हणाले, आणि तसेच बसून राहिले.