बँक की औषध

मखमलाबादला गुलाबांच्या पॉलिहाऊसमध्ये भर दुपारी दोघा भावांची जुंपली. फुलं विकून साठवलेल्या पैशातून कोणता शेअर घ्यायचा, यावरून.

"बँकेवर एवढं कर्ज, औषध कंपनीवर दमडीचं नाय. यात बघायचं काय?" थोरला बहिरू म्हणाला.

"दादा, ते कर्ज म्हणजे लोकांच्या ठेवी, तोच बँकेचा कच्चा माल. तिची तुलना दुसऱ्या बँकेशी करायची, औषधवाल्याशी नाय," ज्ञानेश म्हणाला.

"मला शिकवतो?" बहिरूने फावड्याचा दांडा त्याच्या खांद्यात हाणला. ज्ञानेश वाफ्यात कोसळला, काटे गालात घुसले. दुसरा तडाखा बसायच्या आत त्याने भावाचे पाय ओढून त्याला पाडलं, छातीवर बसून फुलं छाटायची कात्री त्याच्या गळ्यावर दाबली. रक्त आलं. बहिरूच्या डोळ्यांत भीती उतरली. ती ज्ञानेशने आयुष्यात कधी पाहिली नव्हती, आणि क्षणभर त्याला ती आवडली. त्या आवडण्यानेच तो हादरला. कात्री भिरकावून उठला.

"तू औषध घे, मी बँक घेतो," तो धापा टाकत म्हणाला. "पण आजपासून आपलं एकत्र काही नाय."

बहिरूने गळा दाबून धरत होकाराची मान डोलावली.