उचललेलं बोट

अक्षर वाकडं आहे, शुद्धलेखन चौथीतच राहिलं. त्याची आधीच माफी मागते. वाचणारं कुणी नाही, तरीपण. डोळे मिटले की मला ह्यांचा चेहरा आधी दिसत नाही, उजव्या हाताचं बोट दिसतं. नखात काळी रेघ बसलेलं, पत्र्याच्या भोकातून आलेल्या उन्हात उभं राहिलेलं.

उचगावात आमचं गाड्यांना टेप, स्पीकर बसवायचं दुकान. नव्या स्पीकरात कधी कधी गाण्याच्या मागं एक बारीक शिट्टी येते. इंजिनाला रेस दिली की चढते, सोडली की उतरते. ती शोधताना रेस द्यायचं काम माझं. गाडी चालवता येत नाही मला, पण वीस वर्षं स्टिअरिंगमागं बसून पाय दाबत आले. हे शेजारी डोळे मिटून बसायचे. शिट्टी चढेल तसं बोट वर, उतरेल तसं खाली. गिऱ्हाइकासमोर मी तोंड उघडत नसे. आमचं बोलणं त्या बोटानंच व्हायचं.

भिंतीवर ह्यांनी स्वतः रंगवलेलं, आवाज राहिला तर सगळे पैसे परत. ती वेळ कधी आली नव्हती.

चैत्रात पेठ वडगावच्या एका कापडवाल्यांच्या गाडीत ह्यांनी टेप बसवला आणि डिकीत आवाज वाढवायचा अ‍ॅम्प्लिफायर. मी रेस दिली. शिट्टी चढली, कानात सुई गेल्यासारखी. पुन्हा दाबलं. उन्हातली धूळ हलली. ह्यांचं मांडीवरचं बोट हललं नाही.

"आवाज न्हाय बघा, पावणं," हे म्हणाले.

मी खाली मान घालून उतरले. चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडायचं, तेही त्याच्या कानांवरून, मला जमलं नाही.

गाडी तीनदा परत आली. दोनदा ह्यांनी काही नाही म्हणून लावून दिली. तिसऱ्यांदा कापडवाले म्हणाले, "मिस्त्री, शिट्टी माझ्या डोक्यात वाजतीया व्हय? का भूत बसवलंय टेपात?"

हे हसले नाहीत. उभा जन्म मोठ्या आवाजांशेजारी काढलेला माणूस माझ्याकडं वळला.

"तुला ऐकू येतंय?"

"व्हय."

"कधीपासनं?"

"पयल्या दिवसापासनं."

ह्यांनी गाडीचं शेजारचं दार उघडलं. मग म्हणाले, "तू बोट धर. रेस पावणं देतील."

मी त्यांच्या जागी बसले. ह्यांनी टेपाकडून अ‍ॅम्प्लिफायरला येणारी वायर काढली. माझं बोट वरच, म्हणजे खोट टेपात नव्हती. डिकीत अ‍ॅम्प्लिफायरची पत्र्याला आवळलेली अर्थिंगची वायर सोडली, तर तिच्याखाली गाडीचा रंग तसाच. खरवडून पत्रा उघडा करायचा राहिला होता. ह्यांच्या हातून असं कधी राहत नसे. पॉलिश पेपरनं घासघासून जागा चकचकीत केली, नट आवळला, आणि माझं बोट आपोआप खाली आलं.

"झालं की," कापडवाले म्हणाले. "आता पैसं कशाला परत?"

"मी न्हाय म्हणालो, तवा होता की आवाज."

निम्मे तिथंच दिले, उरलेले जमतील तसे द्यायचं कबूल केलं. त्यानंतर ह्यांनी डोळे मिटून बसणं सोडलं. आता बोट माझं असतं आणि ते त्याच्याकडं बघतात. माणसाच्या कानातून जग एकेक आवाजानं उठून जातं आणि जाताना सांगत नाही. शेजारी बसलेल्याला तेवढं कळतं. मी गप्प राहिले ते दिवस कुठून परत द्यायचे, ठाऊक नाही. पैसे मात्र काल, ज्येष्ठ सरता सरता, सगळे फिटले.