केशरबाईची मोगरी

दौलतराव पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. मंगरूळपीरच्या सरकारी क्वार्टरमध्ये ते आपल्या आईसोबत, केशरबाईसोबत राहत. बदली होऊन गेलेल्या एका इंजिनिअर साहेबांनी जाताना आपली जुनी काळी विलायती मोटार त्यांच्या गळ्यात मारली. गळ्यात मारली असं ऑफिसातले लोक म्हणत. दौलतराव मात्र पहिले काही दिवस सकाळी उठून आधी खिडकीतून गाडी जागेवर आहे का ते बघत, मग तोंड धूत.

गाडीत खोड एकच होती. तिचा पेट्रोलचा पंप विजेवर चाले. त्याच्या आत वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या प्वाइंटची जोडी होती. ती मिटत-उघडत राहिली की पंप टक-टक करत इंजिनाला पेट्रोल पाजायचा. पण प्वाइंट जळून काळे पडलेले. गाडी कुठे आदळली की ते रुसून बसत, टकटक बंद होई आणि गाडी चार खोकले देऊन रस्त्यात उभी राही. मग बॉनेट उघडायचं आणि पंपाला बाहेरून एक ठोसा द्यायचा. दौलतरावांनी पान्ह्यानं दिलेल्या ठोशाला पंप कधीच बधला नाही. केशरबाईनं एकदा वैतागून धुणं बडवायची मोगरी हाणली आणि तो मुकाट टकटकायला लागला. तेव्हापासून मोगरीचा मुक्काम गाडीतच, तिच्या पायाशी.

दर रविवारी मायलेकरं आपल्या गावाला, आसेगावला जात. गावात शिरताना उकंडराव पाटलांच्या दारासमोर रस्त्याला आडवा चर होता. गाडी नेमकी तिथं आदळायची आणि नेमकी तिथंच बंद पडायची. ज्या दारावरून जाताना केशरबाईनं निम्मं आयुष्य चपला हातात घेतल्या होत्या, ते हे दार! ओट्यावर माणसं बसलेली असायची. दौलतरावांच्या कानाच्या पाळ्या तापत. ते स्टिअरिंगवर मान घालून बसून राहत आणि बाहेर म्हातारी बॉनेट उघडून मोगरी हाणत असे. कोणी हसलेलं ऐकू आलं की त्यांना वाटे, धरणीनं पोटात घ्यावं. दीक्षा घेतली, शिकलो, नोकरी लागली, गाडी घेतली, आणि शेवटी आईला आणून उभं कुठं केलं, तर याच दारात!

एका रविवारी परत आल्यावर ते तडक फय्याजच्या दुकानात गेले. फय्याज रेडिओ दुरुस्त करायचा आणि नवं काही करून बघायची त्याला भारी खाज.

"दौलतभाऊ, प्वाइंट फेकून द्या," तो म्हणाला. "मी ट्रान्झिस्टरवर करून देतो. ना घासणं, ना जळणं. जिंदगीभर ठोकाचं काम नाही."

पुढच्या आठवड्यात फय्याजनं पंप टेबलावर उघडला, प्वाइंट काढून एका डबीत टाकले आणि आत आपली नवी जोडणी बसवली. टेबलावरच्या बॅटरीच्या अधिक टोकाला लाल वायर आणि उण्याला काळी लावली. टक-टक-टक. दौलतरावांनी फय्याजला मिठीच मारली.

पंप गाडीत बसवला. लाल वायर गाडीच्या वायरीला, काळी गाडीच्या अंगाला. किल्ली फिरवली. काहीच नाही.

काढून टेबलावर नेला, तर टक-टक-टक. गाडीत आणला, तर पुन्हा मुका. फय्याजनं वायरी चाचपल्या, फ्यूज बघितला, तार घासून चकचकीत केली. पंप दुकानात बोलायचा आणि गाडीत गप्प बसायचा.

"याले काय गाडीची भीती वाटते का रे?" दौलतरावांचं डोकं पार चक्रावलं होतं.

"खुदा कसम, समजूनच नाही राह्यलं," फय्याज म्हणाला आणि फूटपाथवर बसकण मारून बिडी शोधू लागला.

केशरबाई सावलीत स्टुलावर बसली होती. ती उठली, मोगरी घेऊन पुढे आली. "हात लावू का मी?"

"नाही मावशी!" फय्याज ओरडलाच. "ठोकाल तर नाजूक माल फुटून जाईन."

ती मोगरी पदराआड घेऊन मागे सरली. तिच्या तोंडाकडे तेव्हा कोणाचंच लक्ष नव्हतं.

बॅटरीच उतरली असेल म्हणून दौलतराव तिच्यावर वाकले आणि बघतच राहिले. बॅटरीपासून गाडीच्या अंगाला जाणारा जाड पट्टा निघाला होता अधिकच्या टोकापासून.

"फय्याज, गाडीच्या अंगाले उणं असते ना?"

"दुनियेत उणंच असते. माह्या सगळ्या रेडिओत उणंच आहे."

"इथं अधिक आहे."

फय्याजनं वाकून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. जुन्या विलायती गाडीची चालच उलटी! प्वाइंटला उलटं-सुलटं काही फरक पडत नव्हता, ट्रान्झिस्टरला पडत होता. नशीब, काही जळलं नव्हतं. वायरी आलटून-पालटून जोडल्या, किल्ली फिरवली. टक-टक-टक. दौलतरावांचा जीव भांड्यात पडला. आता मायला कोणासमोर उभं राहावं लागणार नव्हतं.

रविवारी गाडी पाटलाच्या दारासमोर चरावर आदळली आणि न थांबता तशीच पुढे गेली. दौलतरावांनी ताठ मानेनं आईकडे पाहिलं. केशरबाई काचेतून मागे बघत होती.

पुढच्या रविवारी ती म्हणाली, गुडघे दुखतात. त्याच्या पुढच्या रविवारी चक्कर येते म्हणाली. दौलतरावांनी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांना काही सापडलं नाही. आणि मग एका दुपारी शेजाऱ्यानं सांगितलं, तुमच्या मातोश्री आता एसटीत चढताना दिसल्या, आसेगावच्या.

दौलतराव चाटच पडले. गाडी दारात, पोरगा घरात, आणि म्हातारी एसटीनं! गाडी बंद पडत होती तेव्हा हौसेनं बसत होती, आता सुतासारखी सरळ चालते तर पायही ठेवत नाही. कुठं चुकलं? पंपाचं कोडं सोपं होतं, वायरी बदलून सुटलं. इथं कोणती वायर कुठं जोडायची?

संध्याकाळी ती आल्यावर त्यांनी धरलंच. "माय, गाडी असून एसटीनं काहून गेली तू? लोक काय म्हणतीन मले?"

"तुही गाडी चांगली झाली, बापू. आता मले काय काम तिच्यात?"

"बसाचं काम!"

"बसाले एसटी आहे."

"अगं पण तुले त्या दारात उभं राहा लागू नाही म्हणून तर केलं मी सगळं. लोक हसत होते."

केशरबाई त्यांच्यासमोर येऊन बसली. मग हळू आवाजात बोलली, "तू मान खाली घालून बसत होता. तुले दिसलंच नाही काही. पोट्टे हसत होते, पण बाया दारात येऊन पाहत होत्या. आन् तो उकंडराव, जलमभर मले 'केशरे, सरक' म्हणे. एक दिवस खाटेवरून उठला आन् म्हणाला, 'केशरबाई, झाली काय गाडी चालू?' मी म्हणलं, झाली. माह्या हातानं झाली. त्या दारासमोर मी एवढा वेळ कधी उभी राह्यली होती रे?"

स्वतःची लाज दौलतरावांनी इतके दिवस आईच्या नावावर खपवली होती. ते उठले आणि परत न्हाणीत गेलेली मोगरी आणून गाडीत ठेवून आले.

रविवारी बऱ्याच मनधरणीनंतर ती बसली. पाटलाच्या दारासमोर गाडी चरावर आदळली, आणि दौलतरावांनी गुपचूप किल्ली मागे फिरवली. गाडी थांबली.

"माय, पंप गेला वाटते."

केशरबाईनं एकवार त्यांच्याकडे पाहिलं. मग मोगरी घेऊन उतरली, पदर खोचला, बॉनेट उघडलं. या वेळी दौलतराव मान वर करून बसले होते. ओट्यावरची माणसं उठून उभी राहिली. बाया दारात आल्या.

"केशरबाई, आज पुन्हा?" उकंडरावांचा आवाज आला.

"जुनी गाडी आहे, पाटील. हात लागल्याशिवाय चालत नाही."

तिनं मोगरी उगारली आणि पंपाला नुसती टेकवली, नाजूक माल फुटू नये अशी. दौलतरावांनी किल्ली फिरवली. टक-टक-टक.

बॉनेट लावून ती सावकाश आत येऊन बसली. गाडी चार घरं पुढे गेल्यावर म्हणाली, "पंप गेला की गाडी आंधी खोकलते, बापू. आज एकदमच गप्प झाली."

दौलतरावांनी गिअर बदलला.

"आन् किल्ली जरा हळू फिरवत जाय," ती म्हणाली. "बाहेर ऐकू येते."