गेलेल्यांच्या वाट्याचा रस्सा

दुसऱ्या महायुद्धात कॅन्ससमधल्या आमच्या लष्करी छावणीत दोन गोष्टींना सक्त मनाई होती: अन्न वाया घालवायला आणि कोणती तुकडी हलली हे बोलायला. मंगळवारी पहाटे आमची अर्धी तुकडी आगगाडीत बसून निघून गेली. गुपित इतकं चोख पाळलं गेलं की स्वयंपाकघरालाही कळलं नाही. आमचा आचारी ऑर्व्हल, त्यानं दुपारी गेलेल्यांसकट सगळ्यांचा रस्सा रांधला.

अर्धी टेबलं रिकामी पाहून त्यानं हातातला डाव आपटला. "बाकीचे कुठायत?"

"कोण बाकीचे?" माझ्या बाकावरचा लायल म्हणाला. त्याला नियम पाठ.

"अरे गाढवा, तुझ्या शेजारच्या खाटेवरचा हॅस्केल!"

"माझ्या शेजारी खाट आहे. एवढंच सांगू शकतो."

ऑर्व्हल हसला नाही. जेवणं उरकली की कॅप्टन प्रुइट येऊन उष्ट्याच्या डब्यात काठी घालून ढवळत. अन्न सापडलं, तर आचाऱ्याच्या हातातला डाव जाऊन बंदूक येणार आणि तो आघाडीवर जाणाऱ्या पुढच्या जहाजावर. ऑर्व्हलचा थोरला भाऊ ट्युनिशियात लढताना पडला होता. आईला आता हा एकटाच.

"कॅप्टनला सांग ना, खाणारेच गेले म्हणून," मी म्हटलं.

"म्हणजे गुपित फोडल्याबद्दल तुरुंग. आणि तुरुंगातून जहाज."

"तुरुंगात निदान रांधायला दुसरा कोणी असेल," लायल म्हणाला.

शेवटी आम्हीच बसलो. प्रत्येकाला दोन ताटं. माझं दुसरं ताट हॅस्केलच्या वाट्याचं. त्याला गाजरं आवडायची नाहीत, म्हणून मी ती आधी संपवली. लायलनं पट्टा सैल केला, डोळे पुसले आणि मिरी फार झालीय म्हणाला. रश्श्यात मिरी नव्हती.

कॅप्टन आले. काठी कोरडी बाहेर आली. त्यांनी डब्यात डोकं घालून खात्री केली.

"एक कणही नाही!" त्यांनी ऑर्व्हलचा हात घट्ट धरला. "बेटा, तुझ्यासारखा माणूस इथे ठेवणं हीच खरी नासाडी. आघाडीवरच्या स्वयंपाकघराला तू हवास. शुक्रवारी निघायचं."

ऑर्व्हल आमच्याकडे बघत राहिला. कुणीतरी उठून खरं काय ते सांगायला हवं होतं. पण पोटं इतकी गच्च झाली होती की बाकावरून एकालाही उठवेना.