डोळा लवला की 'होय'

बारा दिवसांच्या बाळाचा डावा डोळा लवला आणि खोलीपासून जिन्यापर्यंत जमलेल्या शेजाऱ्यांत एकच गलका उठला.

"होय म्हणालं! बाळ होय म्हणालं!"

"हे साधं मूल नव्हे," पाळण्याशी बसलेले मठातले बुवा डोळे मिटून म्हणाले, "गेल्या जन्मीचे सिद्धपुरुष आहेत. डोळा लवला की होय!"

शिंप्याची हरवलेली कात्री सापडणार होती, घरमालकाचा गुडघा बरा होणार होता. सिद्धपुरुष गाढ झोपेत सगळ्यांना होकार देत होते. आईला मात्र आपलं लेकरू कधी एकदा कुशीत घेते असं झालं होतं.

मग बुवांनी शेवटचा प्रश्न टाकला. "बाळा, आमच्या मठात कायमचं राहायला येणार ना? येणार ना रे? सांग, सांग..."

डोळा लवला.

"झालं! उद्या सकाळी न्यायला येतो."

आईने पाळणा घट्ट धरला. सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "देवाचं देवाला द्यावं लागतं गं."

तेवढ्यात बाळाचं वजन करायला नर्सबाई आल्या. आईने त्यांचा हातच धरला. "बाई, हा माझं मूल नेतोय हो!"

नर्सबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि पाळण्यावर वाकल्या. "बाळा, हे बुवा लबाड आहेत का रे? आहेत का? सांग, सांग..."

डोळा लवला. जिन्यात कुणीतरी फिसकन हसलं.

"छे! तो नुसता स्नायूचा झटका!" बुवा ओरडले.

"मीही तेच म्हणते," नर्सबाई म्हणाल्या. "मघाचेही झटकेच होते. तान्ह्या बाळांच्या पापण्या, ओठ झोपेत आपोआप उडतात. तुम्ही डोळा लवेपर्यंत प्रश्न लांबवता, म्हणून 'नाही' कधी येतच नाही!"

त्यांनी बाळाच्या तळपायाला गुदगुल्या केल्या. बाळ जागं झालं.

"आता विचारा."

बुवांनी चारदा विचारलं. बाळाने टक्क डोळ्यांनी बघितलं, मग भोकाड पसरलं. आईने त्याला झटकन उचलून छातीशी धरलं.

"बुवा," सासूबाई म्हणाल्या, "तुमच्या चपला दाराबाहेर आहेत."

हशा ओसरल्यावर नर्सबाई आईजवळ बसल्या. "जागेपणी असे झटके आले, थांबेनात किंवा बाळ निळं पडलं, तर तडक डॉक्टरकडे जायचं." मग त्या जिन्याकडे वळल्या. "आणि तुम्ही मंडळी, कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी एक उलटा प्रश्न विचारून बघत जा. खऱ्याचं त्यात काही बिघडत नाही."